मधुकरी

'मधुकरी' हा शब्द आपल्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या सवयीचा आहे. समर्थ टाकळीला तपाला राहिले तेव्हा पंचवटीत मधुकरी मागत, हे आपण लहानपणीच ऐकलेले असते. आणि पुष्कळ दारांतून थोडे थोडे घ्यावे, कोणा एकावर भार पडू देऊ नये, हा त्याचा अर्थही आपण तेव्हाच गाठीला बांधतो. मीही पुष्कळ वर्षे तेवढ्यावरच थांबलो होतो.

मग एका माघातल्या सकाळी, वडूजला येरळेच्या काठी, कांद्याच्या बियाण्याच्या वावरात बसलो असता हा शब्द आणखी उलगडला. कांद्याचा पांढरा गोंडा म्हणजे शेकडो चिमुकली फुले, आणि त्यातल्या प्रत्येक फुलाचे पराग आधी झडून जातात, स्त्रीकेसर मागाहून पक्व होतो. म्हणजे फूल जेव्हा ग्रहणाला सिद्ध होते तेव्हा स्वतःचे देणे त्याच्यापाशी उरलेलेच नसते. त्याला दुसऱ्या फुलाची वाट पाहावी लागते. तेवढ्यात एक फुलोरी माशी, अंगभर पिवळी धूळ घेऊन, त्या गोंड्यावर चालत गेली. मकरंद घेऊन उडाली, आणि मागे बी धरण्याची सोय करून गेली. मधुकरी नेणाऱ्याच्या पावलांनीच त्या घरी पाळणा हलावा, असे हे घेणे आहे.

आणि घेतलेले तरी तिचे कुठे असते? मकरंद ती पोटातल्या वेगळ्या पिशवीतून आणते, पोळ्यात दुसरीच्या मुखी देते, मग साऱ्या जणी पंखांनी वारा घालून त्यातले पाणी आटवतात. ऐन बहरात कामकरी माशी जेमतेम पाच-सहा आठवडे जगते. तिने साठवलेला मध बहुधा मागून जन्मणाऱ्यांसाठीच. मधुकरी मठासाठी आणायची असते, हे शेजारच्या माणातल्या गोंदवल्याच्या पंगतीत बसलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आपण मात्र आग्याच्या पोळ्याला रात्री धुरी देऊन, अंडी-पिल्लांसकट ते पिळून काढत आलो. त्या घेण्याला मधुकरी म्हणवत नाही. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरजवळच्या मांघरला, ज्याला २०२२ साली देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला, सातेरी माशी पेटीत नांदते. यंत्रात फिरवून मध काढतात आणि रिकामे पोळे तिचे तिला परत देतात. इथे तो शब्द शोभतो. तसाच तो शोभतो त्या शेतकऱ्याला, जो फुलोऱ्यात फवारणी टाळतो, आणि अगदीच गरज पडली तर दिवस मावळून माशा घरी परतेपर्यंत पंप खांद्यावर घेत नाही.

चैत्रात येरळेचे पात्र कोरडे पडते, तेव्हा माशा गोठ्याजवळच्या डोणीवर येतात. ते पाणी पोळ्यात थेंबाथेंबाने पसरून, वर पंखांचा वारा घालून त्या घर थंड ठेवतात. आमच्या शेजारच्या आजी रोज सकाळी डोण भरतात, माशी बुडू नये म्हणून तीत चार खडे पाण्याच्या वर डोके काढतील असे ठेवतात, आणि मग चुलीकडे वळतात.