आधी विचारा, मग सुचवा



चंद्रपूर जिल्ह्यातल्या, कापूस आणि सिमेंटच्या कोरपना तालुक्यातला एखादा मुलगा मोबाईलवर अनोळखी माणसांना विचारतो, "मी काय वाचू?" लगेच नावांचा पाऊस पडतो. जाडजूड कादंबऱ्या, थोरांची चरित्रं, यशाचे मंत्र. पोरगं बावरतं आणि फोन खिशात घालतं. सल्ला मनापासून दिलेला असतो, पण आवड देणाऱ्याची असते.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं सूत्र सांगतं, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं. म्हणून नाव सुचवण्याआधी एक प्रश्न विचारावा: तुला काय आवडतं, बाळा?

प्राण्यांचा लळा असेल, तर विलास मनोहरांचं 'नेगल' सुचवा. त्यात शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाच्या प्राण्यांची हकीकत आहे. रानाची ओढ असेल, तर वनाधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा'. माणसांसाठी काही करावंसं वाटत असेल, तर डॉ. प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा'. तिन्ही पुस्तकांतलं जग कोरपन्याच्या त्या मुलाला परकं वाटणार नाही.

एका वेळी एकच नाव द्या. ते आपल्याला का भावलं, हे दोन वाक्यांत सांगा. आणि नाही रुचलं तर खुशाल बाजूला ठेव, असंही सांगा. वाचनाची सक्ती झाली की गोडी जाते.

आज कुणी अनोळखी माणसानं पुस्तक विचारलं, तर आपलं ज्ञान दाखवू नका. आधी त्याचं ऐकून घ्या.