उलटी मोजणी आणि कोराडीचे आकाश

माणसे बसलेले रॉकेट सुटताना थेट पाहण्यातला थरार दोन गोष्टींतून येतो. आत जिवंत माणसे आहेत, ही एक. पुढच्या नऊ-दहा मिनिटांत काय होणार, हे पाहणाऱ्याला सोडाच, सोडणाऱ्यांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही, ही दुसरी. तेच चित्रण रात्रीच्या बातम्यांत पाहिले, तर पहिली गोष्ट तशीच राहते आणि दुसरी निघून जाते. उरते ते सुंदर दृश्य.

या ‘थेट’पणाचा इतिहास फार जुना नाही. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो-११ निघाले तेव्हा महाराष्ट्रात दूरचित्रवाणीच नव्हती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. चंद्रावरची स्वारी मराठी घरांनी रेडिओवर ऐकली आणि वर्तमानपत्रांत वाचली. सोव्हिएत संघाने तर समानव उड्डाण पहिल्यांदा थेट दाखवले ते १५ जुलै १९७५ ला, अमेरिकेबरोबरच्या संयुक्त मोहिमेच्या वेळी. तोवर यश मिळाल्यावरच बातमी द्यायची, असा तिथला खाक्या होता.

त्यानंतरही झाकून ठेवण्यात काय काय दडत असे, याचा नमुना भारताच्या पहिल्या अंतराळवीराच्या यानातच होता. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून बैकानूरहून निघाले. त्यांचे सहकारी गेनादी स्त्रेकालोव्ह सहा महिन्यांपूर्वी, २६ सप्टेंबर १९८३ ला, जळत्या रॉकेटच्या टोकावर बसलेले होते. उड्डाणाच्या काही क्षण आधी रॉकेटने पेट घेतला, सुटका-यंत्रणेने कुपी वर खेचून दूर नेली आणि पाठोपाठ तळावर स्फोट झाला. जगाने हे त्या दिवशी पाहिले नाही. राकेश शर्मांच्या उड्डाणाचे कौतुक करणाऱ्या भारतीयांपैकी फारच थोड्यांना त्यांचा हा सहकारी कशातून वाचून पुन्हा बैकानूरला आला आहे, याची कल्पना असेल.

पुढचा भारतीय पृथ्वीच्या कक्षेत जाताना चित्र पालटले होते. बुधवार, २५ जून २०२५. भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिट, म्हणजे फ्लोरिडात मध्यरात्र उलटून अडीच तास झालेले. नागपूरजवळच्या कोराडीत ही वेळ तिथल्या वीज केंद्राच्या पहिल्या पाळीतली. शुभांशु शुक्ला आणि त्यांचे तीन सहकारी फाल्कन-९ वर बसवलेल्या ड्रॅगन यानात होते. त्याआधी हवामान, द्रवरूप ऑक्सिजनची गळती आणि अंतराळ स्थानकातली दुरुस्ती यांमुळे उड्डाण अनेकदा पुढे ढकलले गेले होते. तारीख सरकली की पाहणारा वैतागतो, पण सरकलेली तारीख ही जाणत्याला दिलासा देणारी बातमी असते.

असे उड्डाण पाहताना खरा कस लागतो तो शेवटच्या पाऊण तासात. जुन्या पद्धतीत आधी इंधन भरत आणि मग माणसे चढत. फाल्कनमध्ये उलटे आहे: माणसे आधी बसतात, शिडीचा पूल बाजूला होतो, सुटका-यंत्रणा सज्ज केली जाते आणि मगच, सुमारे ३५ मिनिटे उरली असता, केरोसीन आणि ऑक्सिजन टाक्यांत सोडायला सुरुवात होते. रॉकेटच्या अंगावरून पांढरे लोट उतरू लागतात. हा धूर नव्हे. उणे १८३ अंशांहून थंड द्रवामुळे भोवतालच्या हवेतल्या बाष्पाचे थेंब होतात, त्यांचे ढग. वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरमधून निघणारे पांढरे लोट रोज पाहणाऱ्या कोराडीकराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

मग नऊ इंजिने पेटतात. पहिले काही सेकंद रॉकेट इतके सावकाश उठते, की पाहणाऱ्याला ते अडले की काय असे वाटते. साधारण मिनिटभराने रॉकेटवर पडणारा हवेचा दाब सर्वाधिक होतो. अडीच मिनिटांच्या सुमारास पहिला टप्पा सुटतो. नवव्या मिनिटाला इंजिन बंद होते आणि आत टांगलेले ‘जॉय’ नावाचे हंसाचे खेळणे तरंगू लागते. श्वास सोडायचा तो इथे. तळापासून पाच किलोमीटरवर उभ्या असलेल्यांना आवाज पंधरा सेकंदांनी ऐकू येतो. घरात चित्र आणि आवाज एकत्रच येतात, मात्र दोन्ही उशिरा. इंटरनेटवरचे प्रक्षेपण बरेच सेकंद मागे असते, म्हणून शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो. क्रिकेटने या विनोदाची सवय लावलेलीच आहे.

थेट पाहण्याची किंमतही असते. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर ७३ सेकंदांत फुटले, तेव्हा यानात शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ होत्या म्हणून अमेरिकेतल्या असंख्य शाळांत मुले पडद्यासमोर बसलेली होती. तरीही ते प्रक्षेपण चूक होते असे म्हणता येत नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर झालेल्या अपघाताची चौकशीही उघडपणेच झाली. बैकानूरच्या आगीला तो मान मिळाला नाही.

आता विदर्भाच्या आकाशाकडे वळू. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास नागपूरसह विदर्भावरून जळते तुकडे रांगेने सरकत गेले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. तो चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असे निरीक्षकांनी वेळ आणि कक्षा जुळवून दाखवले. हजारोंनी ते उघड्या डोळ्यांनी, अगदी थेट पाहिले. पण उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे तर्क चालले आणि लोक घाबरले. समोर काय चालले आहे हे ठाऊक नसेल, तर डोळ्यांदेखत घडलेले दृश्यही भीतीच उत्पन्न करते. पडद्यावर, हजारो किलोमीटरवरून, थरार वाटतो तो पुढचा टप्पा कोणता हे माहीत असते म्हणून.

भारताच्या स्वतःच्या समानव मोहिमेच्या, गगनयानाच्या वेळी हे ज्ञान उपयोगी पडेल. त्याच्या एलव्हीएम-३ रॉकेटचे दोन घन-इंधन बूस्टर एकदा पेटले की विझवता येत नाहीत, त्यामुळे शून्याचा क्षण फाल्कनपेक्षा कठोर असतो. २१ ऑक्टोबर २०२३ च्या मानवरहित सुटका-चाचणीत मोजणी पाच सेकंदांवर आपोआप थांबली होती. दोष शोधून त्याच सकाळी दहा वाजता ती यशस्वी झाली. थांबलेल्या मोजणीला अपयश म्हणणारे त्या दिवशीही होतेच.

श्रीहरिकोटा कोराडीहून सरळ रेषेत सव्वाआठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, म्हणून ते उड्डाण इथून पडद्यावरच पाहावे लागेल. शाळांनी उलट्या मोजणीचे टप्पे आदल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवावेत. आणि प्रत्यक्ष पाहण्याची हौस असेल, तर माणसे राहत असलेले आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कोराडीवरूनही जाते: सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, न लुकलुकणारा ठळक ठिपका, चारेकशे किलोमीटर उंचीवर. वेळ आधी पाहून गच्चीवर जावे. दुर्बीण लागत नाही.