उन्हाळी बागेतील हक्क

वैशाखात विहिरीच्या पाण्यावर जगवलेल्या वाफ्यांत भेंडी, गवार, काकडी धरते. बांधाकडेला मोगरा फुलतो. ते पाहून मन हरखणे ही दुनियादारी नव्हे. सूरह अल-अनआमच्या 141 व्या आयतीत बागा व पिकांचा उल्लेख करून अल्लाहतआलाने आधी त्यांची फळे खाण्यास सांगितले. मग तोडणीच्या दिवशी त्यांचा हक्क देण्यास आणि उधळपट्टी टाळण्यास. इमाम अबू हनीफा भाजीपाल्यावरही उश्र मानतात. उपसलेल्या पाण्यावरील पिकाचा विसावा भाग. शाफई मतानुसार, म्हणजे कोकणातील आपल्या बहुसंख्य बांधवांसाठी, भाजीवर जकात नाही. म्हणून शेजारची विधवा रिकाम्या टोपलीने परतावी काय? पाखरांनी टोचलेली काकडीसुद्धा, प्रेषितांच्या (स.) शिकवणीनुसार, लावणाऱ्याचा सदका ठरते. आपण मात्र आधी गोफण शोधतो!