जुनी पेटी घेताना



हरिनाम सप्ताहाचे दिवस जवळ आले की गावोगावच्या भजनी मंडळांत एक विषय हमखास निघतो. पेटीचा भाता गळतो आहे, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, आता दुसरी पाहिली पाहिजे. नव्या पेटीचे भाव ऐकून मंडळी गप्प होतात. मग कोणीतरी सांगतो की शेजारच्या गावी एका घरात जर्मन सुरांची जुनी पेटी पडून आहे, वाजवणारा गेला, घरच्यांना ती काढायची आहे. आपल्यातला एखादा जाणता बरोबर घेऊन चार माणसे निघतात.

ती पेटी घ्यावी की नाही आणि घेतली तर काय भावाने, हा प्रश्न दिसायला बाजारातला आहे. मला तो परमार्थातला वाटतो, म्हणून आपल्यापुढे मांडतो.

आधी गरजेचे पाहू. ज्ञानोबा-तुकोबांच्या काळी पेटी नव्हती. 1842 साली पॅरिसच्या एका कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी, जमिनीवर बसून एका हाताने भाता मारावा आणि दुसऱ्याने वाजवावे, अशी आपल्या बैठकीला मानवणारी पेटी केली. आपल्या रागसंगीताला ती सोसत नाही, तिच्यातून मींड निघत नाही, असे म्हणून आकाशवाणीने 1940 पासून तीस वर्षे तिला दाराबाहेर ठेवले होते. भजनाने मात्र तिला जवळ केले. तरीही चालत्या दिंडीत आपले काम टाळ, मृदंग आणि वीणा यांवरच चालते. पेटी ही सोय आहे, साधन नव्हे, हे मनाशी पक्के असावे. रात्रीच्या कीर्तनात उंच पट्टीत गाणाऱ्या टाळकऱ्यांना सुराचा आधार लागतो, तेवढ्यासाठी ती जरूर घ्यावी. शेजारच्या गावच्या मंडळाकडे आहे म्हणून घ्यायची असेल तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

आता जर्मन सुरांचे. जुन्या पेट्यांत जर्मनीहून आणि पॅरिसहून आलेले पितळी सूर बसवलेले असत. त्यांचा गोडवा ज्याच्या कानात बसला त्याला दुसरे काही आवडत नाही. पण नावाला भुलू नये. गुजरातेत पालिताण्याला होणारे चांगले सूर मी ऐकले आहेत, आणि जर्मन म्हणून मिरवणारे, घासून घासून पातळ झालेले सूरही ऐकले आहेत. सूर चढवायचा तर पात्याच्या टोकाशी घासतात, उतरवायचा तर मुळाशी. दर वेळी थोडे पितळ जातेच. म्हणून झाकण काढायला लावून पात्यांवरच्या कानशीच्या खुणा पाहाव्यात. सगळे स्टॉप बंद करून भाता भरावा आणि तो किती वेळ धरतो ते पाहावे. खर्ज आणि नर वेगवेगळे उघडून एकेक पट्टी सावकाश वाजवावी. भात्याचे कातडे उंदरांनी खाल्ले असेल, आत वाळवी फिरून गेली असेल, तरी कारागीर ते सावरतो. सूर मेले असतील तर नुसते सागवान घरी आणून काय करायचे?

पण समजा सूर जिवंत निघाले. पेटी पारखणाऱ्याला पहिल्या दोन पट्ट्यांतच कळते की वस्तू मोलाची आहे. घरच्यांच्या लेखी ती अडगळ आहे. खरा प्रश्न इथे सुरू होतो.

एका मंडळाची अशीच गोष्ट घडली. वर्गणीचे 12 हजार जमले होते. पेटी पाहिली, तेव्हा त्यांच्या वादकाच्या अंदाजाने शहरातला व्यापारी तिचे 25 हजार सहज देईल. घरात म्हातारी एकटी. भाव विचारला तर ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही माळकरी माणसं, माउली. तुम्हीच सांगा काय द्यायचं ते." पाच हजार म्हटले असते तरी तिने आनंदाने दिली असती. मंडळींनी दोन दिवसांची मुदत मागितली आणि माझ्याकडे आली.

त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. ज्ञान कष्टाने मिळते. वादकाने तीस वर्षे कान तयार केला, त्याचे फळ त्याने का घेऊ नये? म्हातारी सुखी, मंडळ सुखी, मग नुकसान कोणाचे? आणि पेटी वाजणार कुठे, तर देवापुढे.

पहिल्या दोन गोष्टी व्यापाऱ्यासाठी मी मान्य करीन. तो व्यापारी म्हणूनच दारात येतो, समोरचा सावध असतो, घासाघीस करतो, दुसरीकडे विचारतो. आपण तसे आलो नव्हतो. तिने भाव सोडला तो वादकाच्या कानाकडे पाहून नव्हे, गळ्यातल्या तुळशीकडे पाहून. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्वानंतर लगेच अदंभित्व आले आहे. दंभ म्हणजे केवळ लोकांना दाखवण्यासाठी टिळा लावणे, एवढाच अर्थ आपण घेतो. माळेमुळे मिळालेल्या विश्वासाचे पैसे करणे, हाही दंभच. आणि ज्या क्षणी तिने "तुम्हीच सांगा" म्हटले, त्या क्षणी आपण गिऱ्हाईक उरलो नाही, तिचे पंच झालो. पंचाने आपल्याच बाजूने निवाडा द्यायचा काय?

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, हे आपण दर बीजेला ऐकतो. ती खते खरी होती, पैसे खरोखर दिलेले होते. दुसऱ्याच्या अडचणीवर आपल्या हाती आलेला हक्क त्यांना नको होता. इथे तर खतही नव्हते. होते ते एका म्हातारीचे न कळणे, आणि तेच आपण खतासारखे वटवायला निघालो होतो.

राहिले देवकार्य. देवासाठी स्वस्तात मिळवले, हे बोलणे मला फार दिवसांपासून खटकते. पंढरीच्या रायाला कोणाच्या अज्ञानातून आलेला सूर का रुचावा?

पण दुसरी बाजूही आहे आणि ती हलकी नाही. पैसा वर्गणीचा, म्हणजे मजुरी करणाऱ्यांनी दिलेला. उदार व्हायचे तर आपल्या खिशातून व्हावे, गावाच्या नव्हे. नाथमहाराज गुरूंच्या घरी हिशेबातली एक पै सापडेना म्हणून रात्रभर जागले, ती कथा मंडळाच्या खजिनदारानेही ऐकली पाहिजे. तेव्हा कर्ज काढून 25 हजार द्या, असे मी म्हणालो नाही. मी एवढेच म्हणालो की तिला वस्तूचे मोल सांगा, आपल्याजवळ किती आहेत तेही सांगा, आणि मग ती काय म्हणते ते ऐका. मोल कळल्यावरही "भजनात वाजू दे, 12 हजारांतच घेऊन जा" म्हणाली तर बिनघोर घ्या, आणि वहीत वरच्या रकमेपुढे तिचे दान म्हणून नाव लिहा.

मंडळी खूश झाली नाहीत. तरी त्यांनी जाऊन सांगितले, हे त्यांचे मोठेपण. म्हातारीने पुतण्याला बोलावले, त्याने शहरात विचारले, आणि पेटी दुकानात गेली. किती आले ते मंडळाला कळले नाही, आणि विचारायचे कारणही नव्हते. त्यांच्यातला एक जण अजून मला भेटला की म्हणतो, "महाराज, तुमच्या शास्त्रानं आमची पेटी गेली." मी त्याला खोडून काढीत नाही, पेटी गेली हे खरेच आहे.

त्यांनी घरच्याच पेटीच्या भात्याला नवे कातडे बसवून घेतले, पट्ट्यांच्या स्प्रिंगा बदलल्या, उरलेली वर्गणी सप्ताहाच्या पंगतीकडे वळवली. वरच्या सप्तकातली एक पट्टी अजून अडकते. वादक ती बोटाने हळूच वर उचलतो आणि पुढे वाजवतो.