अडवलेलं पत्र

संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे किंक्रांत, बहुधा १५ जानेवारी. आपल्याकडे शुभकार्य टाळायचा हा दिवस. आफ्रिकेच्या आग्नेय भागातल्या मलावी या छोट्या देशात मात्र दरवर्षी १५ जानेवारीला राष्ट्रीय सुटी असते. जॉन चिलेंब्वे दिन. १९१५ सालच्या जानेवारीत इंग्रजांच्या राजवटीविरुद्ध उठाव केलेल्या एका कृष्णवर्णीय पाद्र्याच्या नावानं तो पाळला जातो. उठाव दोन आठवडेही टिकला नाही, पुरता फसला. तरी चिलेंब्वे यांचा चेहरा आज मलावीच्या चलनी नोटेवर आहे.

हरलेल्या लढाईची आठवण एखादा देश इतक्या मायेनं का जपतो, हा प्रश्न मला या दिवशी पडतो. आणि उत्तर शोधताना मी उठावाच्या रात्रीपाशी थांबत नाही. तिच्या दोन महिने आधी लिहिलेल्या एका पत्रापाशी जाऊन पोहोचतो.

मलावीला तेव्हा न्यासालँड म्हणत. दक्षिणेकडच्या उंच, सुपीक पट्ट्यातली जमीन गोऱ्या मळेवाल्यांच्या ताब्यात गेली होती. मागोमेरोचा मळा त्यातला एक मोठा, दीड लाख एकरांहून अधिक. त्याची मालकी कुणाकडे असावी? आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या नातवंडांकडे. मळ्यावर राहणाऱ्या कुटुंबांना 'थांगाटा' द्यावा लागे. थांगाटा म्हणजे जमिनीचं भाडं अंगमेहनतीनं फेडणं. आपल्याकडे याला सरळ वेठ म्हणतात. बोलीत एक महिना भाड्याचा आणि एक महिना झोपडीवरच्या कराचा. प्रत्यक्षात ही वेठ चार-पाच महिन्यांपर्यंत लांबे, आणि तीही ऐन पावसाळ्यात, घरच्या मक्याची पेरणी-खुरपणी करायच्या दिवसांत. मालकाचा कापूस वेळेवर निंदला जाई आणि राबणाऱ्याच्या घरचं पीक तणात बुडे. १९१३ साली दुष्काळ पडला तेव्हा या हिशेबाची किंमत कुणी मोजली असेल, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको.

चिलेंब्वे तरुणपणी जोसेफ बूथ नावाच्या इंग्रज मिशनऱ्याच्या घरी कामाला लागले. बूथबरोबर १८९७ मध्ये अमेरिकेला गेले, व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग इथं धर्मशास्त्र शिकले आणि १९०० साली परत आले. मग चिराडझुलू भागातल्या म्बोंब्वे इथं त्यांनी 'प्रॉव्हिडन्स इंडस्ट्रियल मिशन' उभं केलं. शाळा काढल्या, मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवलं, त्यांच्या पत्नी आयडा यांनी मुली-बायकांना शिवणकाम शिकवलं, आणि शेवटी विटांचं एक देखणं चर्च बांधलं. पंधरा वर्षं हा माणूस बांधत होता. पुढच्या उठावाच्या बारा दिवसांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, या पंधरा वर्षांबद्दल फार कमी.

१९१४ सालचं त्यांचं एक छायाचित्र आहे. चर्चच्या बाहेर चिलेंब्वे आणि जॉन चोर्ली नावाचे गोरे मिशनरी शेजारी शेजारी उभे आहेत. चिलेंब्वे यांच्या डोक्यावर रुंद काठाची हॅट आहे. फोटोत वावगं काहीच दिसत नाही. पण गोऱ्या माणसासमोर आफ्रिकी माणसानं डोक्यावर हॅट ठेवायची नाही, असा तिथला दंडक होता. गावच्या वाड्यासमोरून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागलेल्या माणसांच्या कहाण्या ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना ही हॅट समजावून सांगावी लागत नाही. मलावीत जन्मलेले शिल्पकार सॅमसन कंबालू यांनी याच छायाचित्रावरून शिल्प घडवलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते लंडनच्या ट्राफल्गार चौकातल्या चौथ्या चौथऱ्यावर उभं राहिलं. त्यात चोर्ली माणसाच्या मापाचे आहेत आणि चिलेंब्वे त्यांच्यापेक्षा कितीतरी उंच. डोक्यावर हॅट तशीच.

आता ते पत्र. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि सप्टेंबर १९१४ मध्ये न्यासालँडच्या उत्तर टोकाला कारोंगा इथं जर्मन फौजेशी लढाई झाली. तिथं आफ्रिकी शिपाई मेले. आणखी शिपाई हवे होते, ओझी वाहायला हमाल हवे होते. नोव्हेंबरमध्ये चिलेंब्वे यांनी 'न्यासालँड टाइम्स' या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. भाषा सभ्य, मुद्दे स्वच्छ. शांततेच्या काळात जे काही चांगलं असतं ते गोऱ्यांसाठी, आणि युद्ध आलं की मरायला आम्ही, असं का? श्रीमंतांनी, पेढीवाल्यांनी, दुकानदारांनी, जमीनदारांनी जावं की लढायला. ज्याच्या नावावर या जगात काहीच नाही, त्या गरीब आफ्रिकी माणसाला का बोलावता? तो मेला तर मागे विधवा आणि अनाथ पोरं तेवढी उरतात.

सरकारच्या सेन्सॉरनं हे पत्र वाचकांपर्यंत पोहोचू दिलं नाही. लिहिणाऱ्याशी कुणी बोललं नाही. मळ्यावर तर तोंड उघडायची सोय आधीच संपली होती. तिथला व्यवस्थापक विल्यम जार्व्हिस लिव्हिंग्स्टन चिलेंब्वे यांच्या लोकांनी बांधलेली प्रार्थनाघरं जाळून टाकत असे.

२३ जानेवारी १९१५, शनिवारची रात्र. चिलेंब्वे यांची माणसं मागोमेरोच्या मळ्यावर चालून गेली. त्यांनी व्यवस्थापक लिव्हिंग्स्टनला त्याच्या घरात ठार केलं आणि त्याचं डोकं कापून नेलं. आणखी दोन गोरे पुरुष मारले गेले. गोऱ्या बायका-मुलांना हात लावायचा नाही असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. त्यांना सुखरूप सोडून देण्यात आलं. ब्लँटायर शहरातल्या एका व्यापारी कंपनीच्या गोदामावर हल्ला करूनही हाती लागल्या त्या मोजक्या बंदुका. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते कापलेलं डोकं खांबावर टांगून चर्चमध्ये उपासना झाली.

हा शेवटचा तपशील सांगताना अंगावर काटा येतो, पण तो गाळू नये असं मला वाटतं. चिलेंब्वे यांचा आदर करायचा तर तो पूर्ण माणसाचा करावा. पंधरा वर्षं मुलांना बाराखडी शिकवणारा धर्मोपदेशक त्या रविवारी तिथवर कसा पोहोचला, हे विचारायचं धैर्य हवं. खांबावरचं डोकं सोयीनं झाकणारे आणि अडवलेलं पत्र सोयीनं विसरणारे, दोघेही हा प्रश्न टाळतात.

ज्या प्रचंड जनउठावाची आशा होती तो झालाच नाही. सरकारी फौजेनं विटांचं चर्च सुरुंग लावून उडवलं. चिलेंब्वे मोझांबिकच्या सीमेकडे निघाले होते. ३ फेब्रुवारीला पोलिसांच्या तुकडीनं त्यांना गोळ्या घातल्या. गोळ्या घालणारे पोलीस आफ्रिकीच होते. चिलेंब्वे यांच्या सुमारे ४० साथीदारांना मृत्युदंड झाला, सुमारे ३०० जण तुरुंगात गेले. त्यांच्यापैकी एकाकडून ऐकलेली हकीगत जॉर्ज म्वासे नावाच्या कारकुनानं पुढे तुरुंगातच लिहून काढली. ती १९६७ साली छापली गेली. उठाव करणाऱ्यांच्या बाजूनं बोलणारा असा कागद वाचला, हे इतिहासाचं मोठं नशीब.

मलावीचे लोक १५ जानेवारीला नेमकं काय आठवत असतील, हे दुरून सांगणं बरं नाही. मला स्वतःला वाटतं ते असं. त्या माणसानं आधी शाळा काढली, मग वर्तमानपत्राला लिहिलं. शस्त्र उचललं ते सगळ्यात शेवटी. राज्य करणाऱ्यांनी पहिल्या दोन्ही वेळी त्याच्याकडे पाठ फिरवली, आणि तिसऱ्या वेळी मात्र लगेच फौज आणली. त्यामुळे त्या उठावाचा दोष ठरवताना सुरुवात पत्र अडवणाऱ्यांपासून करावी लागेल.

उठाव मोडल्यावर सरकारनं चौकशी आयोग नेमला. मागोमेरोच्या मळ्यावर माणसांना जाचक वागणूक मिळत होती, हे त्या आयोगानं कागदोपत्री मान्य केलं. मळेवाल्यांची वेठ त्यानंतरही सुरू राहिली. थांगाटा कायद्यानं रद्द झाला १९६२ साली. तोवर चिलेंब्वे यांना जाऊन ४७ वर्षं झाली होती.