काटा उतरेपर्यंत

बसा.

तलमडुगुला संध्याकाळ झाली आहे. काळ्या मातीत पऱ्हाटी उभी आहे, बोंडं फुटलेली. रातकिड्यांचा सूर लागला आहे.

समोर पाटावर उघडा सांगाडा. घरी बांधत आणलेला प्रीअँप. त्याचा व्हॉल्व्ह अजून मऊ फडक्यावर निजलेला.

वीज आत्ताच बंद केली आहे. तरी हात लावू नका.

पुरवठ्याचा मोठा कपॅसिटर, 100 मायक्रोफॅरडचा, अजून भरलेला आहे. त्याच्या दोन टोकांना 220 किलोओहमचा रेझिस्टर जोडला आहे. त्यातून तो सावकाश रिता होतो. दर 22 सेकंदांनी तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त उरतं.

मीटरवर 250 व्होल्ट.

श्वास घ्या. सोडा.

आता तळहात उघडा. त्यावर एक जुना कपॅसिटर ठेवा. व्हॉल्व्हच्या रेडिओतून काढलेला, कागदाचा, मेण चढवलेला. नाकाजवळ न्या.

त्याचा कागद कितीतरी पावसाळ्यांची ओल प्यायला आहे. आता तो झिरपतो.

अलगद खाली ठेवा.

काटा 92 वर.

दुसरा घ्या. पॉलिप्रॉपिलीनचा, बोटाच्या पेराएवढा. अंगावर 104 लिहिलं आहे, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरड. शेजारी 630 व्होल्ट.

नुसतं बघा.

आत धातूचे दोन पातळ थर. मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. थर एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. उत्तरेकडच्या पैनगंगेच्या दोन काठांसारखे.

अलीकडे व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे दीडशे व्होल्ट. स्थिर. ते अलीकडेच राहतात. त्यांच्यावर हेलकावणारं गाणं तेवढं पलीकडे उमटतं.

पलीकडे 1 मेगाओहम असेल, तर सेकंदाला दोन हेलकावेही यातून पार होतात. डग्ग्याचा घुमारा सहज जातो.

झिरपणाऱ्या कागदातून मात्र स्थिर दाबही पुढच्या ग्रिडवर पोचतो. गाणं चिरकतं.

म्हणून हा निवडायचा. नीट अडवतो, म्हणून.

मुठीत धरा. थांबा.

काटा 34 वर.

आता ऐका.

रातकिडे.

मघापासून ते थांबलेले नाहीत. ऐकू येत होते का?

कानही असाच आहे. सतत असलेलं तो बाहेर ठेवतो. बदललं, की आत घेतो.

आज थोडा वेळ, बाहेर राहिलेल्यापाशी बसा.

काटा 12 वर.

रातकिड्यांचा सूर. मांडीखालची जमीन. मुठीतली ऊब.

यातलं काहीच नवं नाही. मघापासून आहे.

काटा 5 वर.

घाई नाही. श्वास येतो. श्वास जातो.

पुन्हा ऐका.

काटा शून्याला टेकत आला आहे. रातकिडे आहेतच.

आता मूठ उघडा. डाख द्यायला घ्या.