जबाबदारीची वाटणी

समथरच्या किल्ल्याची तटबंदी सायंकाळी पाहताना एक विचार आमच्या मनात हटकून येतो. हे एके काळी गुर्जर राजांचे संस्थान होते. येथून जो हुकूम सुटे तो राजाचा. त्यातून जे बरेवाईट घडे त्याचा धनीही राजाच. प्रजेला दाद मागण्याची सोय नसेल, परंतु दोष कोणाला द्यावा याविषयी तिला संभ्रम नव्हता. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले. आज समथर झाशी जिल्ह्यात आहे, आणि केंद्र सरकारचे आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतात. त्यांतील बहुतेक राष्ट्रपतींच्या दृष्टीसही पडलेले नसतात. निर्णय मंत्र्यांचा असतो. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. नाव एकाचे, निर्णय दुसऱ्याचा, संमती तिसऱ्याची, अशा कारभारात पापपुण्याचा धनी कोण?

सामाईक विहिरीचे पाणी सर्वांचे असते. गाळ काढण्याची वेळ आली, की ती कोणाचीच नसते. राज्यकारभाराचेही असेच होते की काय, ही शंका १९७५ साली खरी ठरली. २५ जूनच्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सहीच्या मागाहून. त्या मंत्रिमंडळात आपले यशवंतराव चव्हाणही होते. बैठकीने मान्यता दिली. कोणीही राजीनामा दिला नाही. जुलैमध्ये संसदेनेही मंजुरी दिली. तोवर विरोधी पक्षांचे अनेक सभासद तुरुंगात होते. आता प्रत्येकाचा बचाव पाहावा. राष्ट्रपती म्हणणार, आम्ही सल्ल्याने बांधलेले. मंत्री म्हणणार, आमच्यापुढे विषय आला तेव्हा सही होऊन गेलेली. सभासद म्हणणार, सरकारने केलेल्या गोष्टीला आम्ही नुसता दुजोरा दिला. तिन्ही बचाव अर्धे खरे आहेत, आणि तीन अर्धसत्यांच्या आडोशाने हजारो माणसे खटल्यावाचून कोठडीत राहिली.

यावर कोणी म्हणेल, की राष्ट्रपतींनी सल्ला धुडकावायचा काय? तसे झाले तर लोकांनी निवडलेल्या सरकारास अर्थच उरणार नाही. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु नकार देणे आणि प्रश्न विचारणे यांत मोठे अंतर आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे अंतर ओळखले. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला, आणि आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविणे आवश्यक ठरले. १९९७ साली याच उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस दिल्लीत झाली, तेव्हा राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ती परत पाठविली, आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. राष्ट्रपतींनी नकार दिला नव्हता. पुन्हा विचार करा, एवढेच म्हटले होते.

मंत्र्याचा वाटा कोणता, हे चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली दाखविले. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात विचारविनिमय न होता झाला, अशी त्यांची तक्रार होती. नेहरूंना ती मान्य नव्हती. वाद कसाही असो. ज्या निर्णयाची जबाबदारी सर्वांबरोबर आपल्याही माथी येणार, तो आपल्याला पटत नसताना पदावर राहणे अर्थमंत्र्यांना रुचले नाही, आणि ते बाहेर पडले.

यावरून आम्हांस असे वाटते, की सामुदायिक जबाबदारी वाटली म्हणून कमी होत नाही. एका कर्जाला तिघे जामीन राहिले, तर सावकार प्रत्येकाकडून सगळी रक्कम मागू शकतो. इतर दोघे आहेत, हे उत्तर त्याच्यापुढे चालत नाही. येथेही तसेच आहे. तिघांची कामे निराळी आहेत. राष्ट्रपतींनी विचारावे, मंत्र्याने बोलावे किंवा पद सोडावे, सभासदाने समजून हात वर करावा. परंतु ज्याने आपले काम केले नाही, त्याच्यावर दोष येतो तो तिसऱ्या हिश्शाने नव्हे, पुरता येतो.

आणि आम्ही कारकून मंडळी? टिपणी आमची असते, मान्यता वरिष्ठांची. काही चुकले की आम्ही म्हणतो, वरून मान्यता होती. वरिष्ठ म्हणतात, खालून टिपणी तशीच आली होती. राष्ट्रपतींच्या नावाने निघणाऱ्या कागदाचा पहिला मसुदा पुष्कळदा आपल्यासारख्या कोणाच्या तरी मेजावर तयार होतो. त्यात एखादी खरी अडचण लिहावयाची राहिली, तर ती वर कोणालाच दिसत नाही. दिल्लीतील तीन मोठ्या बचावांची आम्ही वर झडती घेतली. हा चौथा, आमचा लहानसा बचाव तेवढा त्यातून सुटता कामा नये.